पाठ टेकल्यावरची कुस्ती

हनीफ उस्तादांना पाठ टेकून बसलेलं दिग्रसमध्ये कुणी पाहिलं नव्हतं. माझ्या औषधाच्या दुकानासमोर एक बाकडं आहे आणि त्याला मागे टेकायला चांगली रुंद फळी आहे. उस्ताद रोज सकाळी तिथे येऊन बसत, पण फळीपासून वीतभर पुढे. न्हाव्याकडे दाढी करतानाही खुर्ची मागे कलू देत नसत. न्हावी बिचारा वाकून वाकून दाढी उरकायचा आणि मग माझ्याकडे कमरेचा मलम मागायला यायचा. "पैलवानानं आपली पाठ सांभाळावं," उस्ताद म्हणत, "बाकीचं सारं अल्ला सांभाळते."

जातीने आणि धंद्याने ते पिंजारी. गाद्या-रजया भरण्याचं त्यांचं दुकान माझ्या दुकानाच्या पाठच्या गल्लीत, आणि कुस्त्यांचा आखाडा त्याच्या पलीकडे मोकळ्या जागेत पत्र्याखाली. दोन्हीकडचे उस्ताद तेच. ज्या पोराला ते सकाळी मातीत घोळसत, त्याच्याच घरची गादी दुपारी उधडून नव्याने भरत. कुणाच्याही घरी गेले की आधी गादीवर मूठ दाबून पाहायची त्यांना खोड होती. मूठ आत गेली नाही की घरमालकासमोरच विचारत, "हे गादी हाय का पोळपाट? कोणं भरली?" माझ्या मुलीच्या लग्नात वऱ्हाडासाठी भाड्याने आणलेल्या गाद्या त्यांनी अशाच दाबून पाहिल्या, भाड्याच्या गाद्या आणणाऱ्याला यथेच्छ शिव्या घातल्या आणि संध्याकाळच्या आत आपल्या दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या तयार गाद्या आणून अंथरल्या. ज्यांच्या गाद्या होत्या त्यांना म्हणे, "लग्नातल्या गादीवर निजाल तं बरकत येईन." लोक ऐकून घेत. उस्तादांशी वाद घालणं म्हणजे आ बैल मुझे मार.

त्यांचा खोकला आधीपासूनच होता. जन्मभर कापसाची भुकटी नाकातोंडात गेलेली. शेवटी रशीदाभाभींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, माझ्यामागे लकडा लावला म्हणून मी त्यांना यवतमाळला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. तिथे हृदयाची पट्टी काढायची म्हणून त्यांना टेबलावर उताणं झोपायला सांगितलं. उस्ताद म्हणाले, बसूनच काढा. डॉक्टर म्हणाले, बसून निघत नाही. "मंग उभ्यानं काढा." अर्धा तास हा तमाशा चालला. मी कानात सांगितलं, "उस्ताद, इथं काही पंच बसलेले नाहीत." ते म्हणाले, "पंच नसला तं काय झालं? मले तं समजून राह्यलं ना!" शेवटी झोपले, पण एक खांदा उचलून. दोन्ही खांदे टेकल्याशिवाय कुस्ती चीत होत नाही, म्हणून एक वर! पट्टी वेडीवाकडी निघाली. नर्सने खांद्यावर हात ठेवून दाबला तेव्हा कुठे दुसरी नीट आली आणि परतीच्या एसटीत उस्ताद माझ्याकडे पाठ करून बसले.

हृदय ठीक होतं. फुफ्फुसं मात्र गेल्यातच जमा होती. डॉक्टरांनी पिंजणं कायमचं बंद करायला सांगितलं, कापसाच्या धुळीत पाऊलही टाकू नका म्हणाले. उस्तादांनी ऐकलं. पिंजायची मशीन झाकून ठेवली, जुनं बापाच्या हातचं पिंजण, कापूस पिंजायचं तातीचं धनुष्य, भिंतीवर उंच टांगलं आणि दुकानात फोमच्या तयार गाद्या विकायला ठेवल्या. त्यांना ते पावाच्या लाद्या म्हणत. गिऱ्हाइकासमोरही म्हणत, त्यामुळे त्या फारशा खपत नसत.

आखाडा तोवर ओसाड पडला होता. कापसाने माणसाला उभं राहू दिलं नाही, अशी ती वर्षं. पोरं पुण्याकडे कंपन्यांत गेली, काही सुरतेला. राहिली ती दिवसभर मोबाइल चोळत बसलेली. उस्ताद एकटेच जाऊन माती खणून यायचे. मग बोंडअळीचं वर्ष आलं. बोंडं बाहेरून टपोरी आणि फोडली की आत अळी आणि सडका पिवळा कापूस. लोक फवारणीवर फवारणी करत राहिले, आणि फवारता फवारता त्या विषाने माणसं पडायला लागली. माझ्या दुकानासमोरून त्यांना गाडीत घालून नेताना मी पाहिलं आहे. त्यातली काही परत आली नाहीत. त्या दिवसांत दुकान उघडायला मला भीती वाटायची.

परत आलेल्यांत देविदास राठोड होता; उस्ताद त्याला देवा म्हणत. जवळच्या तांड्यावरचा बंजारा गडी, उस्तादांचा शेवटचा खरा पैलवान. खांबासारखा माणूस. दवाखान्यातून आला तो भिंत धरत. नजर धुरकट झालेली, हात कापायचे, उभा राहिला की गरगरायचं. आखाड्यात आला, लंगोट लावला, पवित्रा घेतला आणि उभ्या उभ्या आडवा झाला. मातीत बसून लहान पोरासारखा रडला. "उस्ताद, मले उभंच राह्यता येत नाई, तं म्या लढू कसा?"  उस्ताद पुढे कितीतरी दिवस माझ्या बाकड्यावर बसून खोकत राहिले. एकदा म्हणाले, "भाऊ, माह्या मांगं एक माणूस तयार पाह्यजे होता. एकच. तो बी गेला."

व्हिडिओची गोष्ट त्यानंतरची. माझ्या दुकानातला नोकर मोबाइलवर कसलीतरी परदेशी कुस्ती पाहत होता. पांढरे जाड अंगरखे घातलेले दोन पैलवान. उस्तादांनी डोकावून पाहिलं. एक किरकोळ गडी उताणा पडला होता आणि त्याच्यावर एक रेडा. "हरला," उस्ताद म्हणाले आणि वळले. नोकर म्हणाला, "नाई, आता तं सुरू झाली." उस्ताद परत वळले. खालच्याने वरच्याला दोन पायांत असं अडकवलं की त्याला ना पुढे जाता येईना ना मागे. मग खालच्या खालीच त्याचा हात धरून पिरगाळला, आणि रेड्याने हार मानली. उस्तादांनी तो मोबाइल नोकराच्या हातातून काढून घेतला आणि दुपारपर्यंत परत दिला नाही. पाहून पाहून बॅटरी संपली तेव्हा म्हणाले, "पाठ टेकल्यावर सुरू होते हे कुस्ती! भाऊ, हे आपल्या देवाची कुस्ती हाय. त्याले उभं राह्याची गरजच नाई."

चौकशी केली तेव्हा कळलं की तिला ब्राझिलियन जुजुत्सू म्हणतात आणि पुण्यात तिची नामांकित अकादमी आहे. तिथला प्रशिक्षक खुद्द ब्राझीलला राहून शिकून आलेला. मी फोन लावून दिला. उस्तादांनी फोनवर त्याला इतकं ओरडून सांगितलं की रस्त्यावरची माणसं थांबली. तो मुलगा भला असावा, या म्हणाला. माझी मुलगी पुण्यातच दिलेली, म्हणून सोबतीला मी. मी भाभींकडे पाहिलं, त्या अडवतील या आशेने. त्या म्हणाल्या, "जाऊ द्या भाऊ. घरी बसून बी खोकतेच ना."

अकादमी एका फर्निचरच्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावर होती. जिना चढताना उस्ताद मधे मधे थांबून भिंतीवरच्या जाहिराती वाचल्यासारखं करत. वर पोचल्यावर उंबऱ्याशी वाकून त्यांनी मातीला करावा तसा त्या निळ्या मॅटला हात लावून कपाळाला लावला आणि लगेच मूठ दाबून पाहिली. "आतमंदी काय भरलं?" प्रशिक्षक म्हणाला, फोम. उस्तादांनी माझ्याकडे पाहून नाक मुरडलं. तो प्रशिक्षक केसांची शेंडी बांधलेला तरणा पोरगा होता. पहिल्या दिवशी त्याने त्यांना अंकल म्हटलं.

पहिली जोड लावली ती एका चष्मा काढून ठेवलेल्या, कॉम्प्युटरवर काम करणाऱ्या मुलाशी. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच उस्तादांनी त्याला उचलून उताणा आपटला. सगळ्या हॉलने टाळ्या वाजवल्या. उस्तादांनी हात वर केला, आखाड्यातल्या सवयीने मुलाला उठवून त्याच्या पाठीवरची धूळ झटकावी म्हणून खाली वाकले, आणि त्या पोराने पडल्या पडल्या त्यांच्या अंगरख्याची कॉलर धरून त्यांना असं खाली ओढलं की पुढच्या क्षणी उस्तादांचा गळा त्याच्या हातात. बिचाऱ्यांच्या हिशेबाने कुस्ती संपली होती. "अरे, तू चीत झाला ना बे!" ते घुसमटत ओरडत होते. पोरगा तिथूनच म्हणाला, "सॉरी अंकल, पण हे चालू आहे अजून."

पुढचे दिवस पाहवत नव्हते. खाली पडले की उस्ताद झटकन पालथे व्हायचे. कुस्तीत तेच करायचं असतं. पालथा झाला की पाठ वाचली. इथे पालथा झाला की समोरचा पाठीवर बसतो आणि मागून गळ्याखाली हात घालतो. रोज तेच. प्रशिक्षक सांगायचा, उस्ताद मान डोलवायचे, आणि पडले की पुन्हा पालथे. कोवळी कोवळी पोरं त्यांच्या पाठीवर बसून गळा आवळायची आणि मग माफी मागायची. "डोकं म्हणते पलटू नको," ते मला सांगत, "पाठ डोक्याचं आयकतच नाई." त्यात दम लागायचा. मधेच हात वर करून ते संडासात जात आणि तिथे दार लावून छातीत पंप मारून येत. प्रशिक्षकाच्या ते ध्यानात आलं. त्याने मला विचारलं आणि मी खरं ते सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. त्या दिवसापासून तो त्यांना उस्ताद म्हणायला लागला आणि हळूच म्हणाला, तुम्ही बाजूला बसून नुसतं पाहा, पाहूनही पुष्कळ येतं.

"पाहून कुस्ती येत असती बाबू," उस्ताद म्हणाले, "तं सारं दिग्रस पैलवान झालं असतं."

निघायच्या आदल्या दिवशी ते जमलं. समोर एक धिप्पाड माणूस होता. उस्ताद मॅटवर बसले, बिस्मिल्ला म्हणाले, आणि आपण होऊन मागे रेलले. आधी कंबर, मग पाठ, मग एक खांदा, मग दुसरा. मान भिंतीकडे वळवली होती आणि कान लाल झाले होते. भर रस्त्यात माणसाचे कपडे गळून पडावेत तसं मला झालं. मी नजर खाली घातली. वर पाहिलं तेव्हा तो धिप्पाड माणूस त्यांच्या पायांत अडकला होता. इकडून घुसला, तिकडून घुसला, उस्ताद कंबर सरकवून पुन्हा त्याला समोर आणत. त्यांनी त्याला हरवलं नाही. पण घंटा होईपर्यंत त्याला पुढे येऊ दिलं नाही, आणि घंटा झाल्यावरही उठले नाहीत. वरच्या पंख्याकडे पाहत पडून राहिले. मी घाबरून जवळ गेलो. डोळ्यांतून पाणी कानांत ओघळत होतं. म्हणाले, "भाऊ, खालून बी लढता येते. म्या बेवकूफ, साऱ्या पोराइले शिकवलं का पाठ लागली तं संपलं."

दिग्रसला परतल्यावर प्रश्न आला मॅटचा. आखाड्याच्या मातीत उताणं पडून लढणं देविदासच्या डोळ्यांना आणि उस्तादांच्या छातीला झेपणारं नव्हतं. दुकानातल्या फोमच्या गाद्या अंथरून पाहिल्या तर पाय आत रुतून देविदासचा गुडघाच मुरगळला. अकादमीतल्यासारख्या मॅट विकत आणाव्यात अशी कुणाची ऐपत नव्हती. उस्ताद म्हणाले, गाद्या मी भरतो, ठोकून ठोकून अशा भरतो की मूठ मारली तर मूठ फुटेल. पण कापूस?

कापूस देविदासने आणला. बैलगाडी भरून कवडी. अळीने खाल्लेला, पिवळा पडलेला, पाचोळा आणि मातीने भरलेला कापूस, जो त्या वर्षी व्यापारी पाहायलाही तयार नव्हते. "माह्या वावरातलं एवढंच निघालं उस्ताद," तो म्हणाला, "हे तरी कामी लावा." एका जिनिंगवाल्याने ओळखीखातर सरकी काढून दिली. उरलेली रुई मशीनमध्ये घातली तर कचऱ्याने मशीन अडकली. मग उस्तादांनी भिंतीवरचं पिंजण खाली काढलं.

पाठच्या गल्लीतून पिंजणाचा आवाज आला तसा मी दुकान टाकून धावलो. दारातून आत काही दिसत नव्हतं इतकी धूळ. त्या धुळीत तोंडाला भाभींची ओढणी बांधून उस्ताद बसले होते आणि पिंजणाच्या तातीवर मुगदर, म्हणजे लाकडी ठोकणी, मारत होते. मी भांडलो. आयुष्यात त्यांच्याशी इतक्या मोठ्याने कधी बोललो नव्हतो. "मरायचं आहे का तुम्हाला?" ते म्हणाले, "कायले बोंबलून राह्यले भाऊ? दोन-चार गाद्याच तं हायेत." देविदास म्हणाला, मी पिंजतो. त्याचे हात कापत; तात तुटली. भाभींनी मुगदर लपवून ठेवला तर उस्ताद लाटणं घेऊन बसले. मग त्या माझ्या दुकानात येऊन काउंटरशी उभ्या राहिल्या. काही घ्यायचं नव्हतं. पाठच्या गल्लीतून तातीचा आवाज येत होता आणि आम्ही दोघं तो ऐकत उभे होतो. "बंद झाला का मी दचकते," त्या म्हणाल्या, "अन् चालू झाला का रडते."

गाद्या झाल्या. देखण्या झाल्या. जाड मांजरपाटाच्या खोळी, वर हाताने घातलेले टाके, आणि खरोखर मूठ रुतत नव्हती. आखाड्याच्या पत्र्याखाली त्या अंथरल्या त्या दिवशी जुने पैलवान पाहायला आले आणि हसून गेले. "उस्ताद, आता गाद्यावर निजूनच कुस्ती का? मंग उशा बी आणा ना!" उस्तादही हसले. बरीच पोरं आली, काही दिवस टिकली, मग जिनिंगचा हंगाम लागला तशी पांगली. देविदास राहिला, आणि त्याच्याशी जोड करायला जिनिंगमधला एक हमाल.

उस्तादांना शिकवायला फार दिवस मिळालेच नाहीत. छाती भरत गेली. यवतमाळच्या दवाखान्यात ठेवलं आणि तिथून ऑक्सिजनची नळकांडी देऊन घरी पाठवलं. म्हणजे काय ते आम्हाला समजलं. आता ते आडवे होऊ शकत नव्हते. आडवं झालं की श्वास बंद. दिवसरात्र पलंगावर पुढे उशीवर वाकून बसायचे आणि बसल्या बसल्याच डुलकी घ्यायचे. जन्मभर ज्याने पाठ टेकली नाही आणि शेवटी हट्टाने टेकायला शिकला, त्याला आता ती टेकताच येईना. मला परमेश्वराचा फार राग आला. अजून आहे.

उस्तादांना मी शेवटचं पाहिलं ते असं.

एका दुपारी निरोप आला की उस्ताद रिक्षा बोलवा म्हणतात. आखाड्यात जायचं आहे. भाभींनी अडवलं नाही. त्यांनी नळकांडं माझ्या हातात दिलं. आम्ही त्यांना गाद्यांच्या कडेला खुर्चीत बसवलं. देविदास हमालाखाली होता. हमालाने जोर लावला की तो झटकन पालथा व्हायचा. पुन्हा उताणा, पुन्हा पालथा. तीच चूक. उस्तादांनी बोटानेच थांब म्हटलं. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "निजवा मले."

मी नाही म्हणालो. डॉक्टरांचं नाव सांगितलं.  भाभी पुढे आल्या आणि त्यांनी नवऱ्याच्या मानेखाली हात घातला, तेव्हा मीही धरलं. आम्ही त्यांना उताणं ठेवलं. देविदासला त्यांनी वर ओढून घेतलं, त्याच्या कमरेभोवती पाय घातले, कंबर सरकवली, पाय त्याच्या मांडीवर रोवला, त्याला समोर आणलं. एकदा. ओठ निळे झाले होते. छातीतून शिट्टी येत होती ती हमालालाही ऐकू गेली. "उठवा."

बसवलं, नळी लावली. श्वास परत यायला फार वेळ लागला.  मग त्यांनी नळी बाजूला करून विचारलं, "समजलं का, देवा?"

देविदास म्हणजे सरळ माणूस. मन राखायला खोटं बोलावं हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. तो गुडघ्यांवर बसला होता, तोंड भिजलेलं. म्हणाला, "नाई उस्ताद. हाताचं समजलं. पायाचं नाई समजलं."

त्याच्या थोबाडीत द्यावी असं मला वाटलं. उस्ताद मात्र खुलले. चांगल्या चेल्याने बरोबर तोच प्रश्न विचारावा तसे खुलले. नळी काढून त्यांनी माझ्या हातात दिली आणि दोन्ही हात आमच्याकडे पसरले. भाभींनी एक धरला, मी एक. आम्ही त्यांना पुन्हा पाठीवर ठेवलं.

"आता माह्या तोंडाकडं पाहू नको," ते देविदासला म्हणाले. "ध्यान पायाकडं दे."